तुरट आहे म्हणूनच घेते: पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातलं त्रिफळा चूर्ण, चार महिन्यांनी

बरेच दिवस लिहायचं होतं, आज सवड मिळालीये तर सविस्तरच लिहिते. आमच्या सासूबाईंना वैद्यांनी रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर त्रिफळा चूर्ण घ्यायला सांगितलं, पोट साफ होत नाही म्हणून. मी आधी ऑनलाइन एक डबी मागवली, छान हिरवी, काचेची, वर मोठ्या अक्षरात "अँटिऑक्सिडंटने भरपूर" असं लिहिलेलं, ४९९ रुपयांची. आईंनी दोन दिवस घेतलं आणि म्हणाल्या, अगं हे त्रिफळा नाहीये, माझे वडील आम्हाला लहानपणी द्यायचे ते तोंडात टाकलं की जीभ टाळूला चिकटायची, ह्याला काही चवच नाही. मी पण चिमूटभर खाऊन बघितलं तर खरंच, किंचित कडसर, थोडं आंबूस आणि पिठासारखं मऊ.

आता मी एका फार्मसी कॉलेजच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय, वनस्पतींचे अर्क काढायचे, त्यातले फिनॉलिक पदार्थ (वनस्पतींतली बहुतेक तुरट-कडसर द्रव्यं, ऑक्सिडेशन रोखतात म्हणून ह्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात) मोजायचे, हेच मुलांचे प्रोजेक्ट असायचे, त्यामुळे आईंचं ते "जीभ टाळूला चिकटते" ऐकून एकदम डोक्यात आलं की त्या नेमकं टॅनिनबद्दल बोलतायत. त्रिफळा ज्या तीन फळांचं होतं त्या हिरड्यात, बेहड्यात आणि आवळ्यात जी फिनॉलिक द्रव्यं असतात, गॅलिक ॲसिड, एलॅजिक ॲसिड, चेब्युलिनिक ॲसिड, चेब्युलॅजिक ॲसिड वगैरे, त्यातली जी मोठ्या रेणूंची टॅनिनं आहेत ती लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, ओढल्यासारखं वाटतं. तुरट म्हणतो आपण ते हेच. म्हणजे ज्या गोष्टीसाठी डबीवर "अँटिऑक्सिडंट" लिहिलंय तीच गोष्ट तोंडाला लागायला पाहिजे आणि तीच लागत नव्हती.

मग शेजारच्या मावशींनी पेठेतलं हे काष्ठौषधीचं दुकान सांगितलं. नाव मुद्दाम लिहित नाहीये, छोटं दुकान आहे, दोन माणसं सगळं बघतात, उगाच गर्दी झाली तर त्यांनाच त्रास होईल आणि पुण्यात पेठांमध्ये अशी चार-पाच तरी दुकानं अजून टिकून आहेत, जे लिहितेय ते कुठल्याही चांगल्या दुकानाला लागू पडेल.

आत गेलं की आधी वासच येतो, ज्येष्ठमध, वावडिंग, नागरमोथा, सुंठ सगळं एकत्र. भिंतभर लाकडी खण, खाली पोत्यांची तोंडं उघडी आणि गल्ल्यावर साठीपुढचे काका. मी म्हटलं, त्रिफळा चूर्ण पाहिजे, शंभर ग्रॅम. तर त्यांनी तयार पुडी काढलीच नाही, उलट विचारलं, "ताई, समभाग पाहिजे का एक-दोन-चार?" मला एवढा आनंद झाला हा प्रश्न ऐकून! कारण दोन्ही पद्धती आहेत, तिन्ही सारख्या वजनाने घ्यायचे किंवा एक हिरडा, दोन बेहडे, चार आवळे अशा प्रमाणात घ्यायचे, आणि समोरच्याला काय पाहिजे हे विचारणारा दुकानदार म्हणजे त्याला माल माहिती आहे. वैद्यांना तिथूनच फोन लावला, ते म्हणाले समभाग, मग काकांनी तीन खणांतून तीन वस्तू काढून समोर ठेवल्या.

हिरड्याचं सांगते कारण त्यात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. बाजारात हिरडा एकच नसतो. बाळहिरडा असतो, तो आतली बी धरायच्या आधी काढलेला कोवळा, वाळून काळा बारीक झालेला. मग रंगारी हिरडा, आणि सुरवारी हिरडा म्हणजे मोठा, पिवळट, भरलेला. रंगारी हे नाव का पडलं हे काकांनी सांगितलं, कापड रंगवणारे लोक रंग पक्का बसावा म्हणून हाच वापरायचे. चामडं कमवायलाही हिरडा लागायचा आणि इंग्रजांच्या काळात बोटी भरभरून परदेशी जायचा, त्या व्यापारात हिरड्याच्या प्रतींना गावांची नावं होती आणि त्यात एक प्रत आपल्या वेंगुर्ल्याच्या नावाची होती, "व्हिंगोर्ला". चामडं कमवणं म्हणजे तरी काय, टॅनिनने कातड्यातली प्रथिनं बांधून टाकायची, लाळेत होतं तेच मोठ्या प्रमाणावर. हिरड्यात साधारण तीस टक्क्यांच्या आसपास टॅनिन असतं, जागेप्रमाणे आणि फळ किती पिकलंय त्याप्रमाणे कमीजास्त, पण खाण्याच्या वनस्पतींमध्ये हे प्रमाण फारच मोठं आहे.

त्यांच्याकडचा बाळहिरडा जुन्नर-आंबेगावच्या बाजूचा असतो म्हणाले. तिथले महादेव कोळी आणि इतर आदिवासी लोक उन्हाळ्यात झाडावर चढून तो काढतात, अंगणात वाळवतात, पावसाच्या तोंडावर हातात येणारा तो रोख पैसा असतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्या भागातली हिरड्याची झाडं मोडली आणि भरपाईसाठी लोकांना कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली. आपण बाटलीवरचं "वाइल्ड हार्वेस्टेड" वाचतो तेव्हा कुणीतरी फांदीवर उभं राहून ते फळ काढलेलं असतं हे मला इथे लिहावंसं वाटलंच.

चूर्णासाठी मात्र काकांनी मोठा पिकलेला हिरडा दिला. मी एक घरी तसाच मागून आणला आणि पाण्यात टाकला, टुपकन तळाला गेला. ही जुनी परीक्षा आहे, चांगला हिरडा नवा, गुळगुळीत, गोल, वजनदार असावा आणि पाण्यात बुडावा. किडलेला, पोकळ असला तर तरंगतो. साधी गोष्ट आहे पण पावडर विकत घेतली की ही परीक्षा करायची सोयच उरत नाही, माझा सगळा मुद्दा हाच आहे खरं तर.

बेहड्याचं तर अजून महत्त्वाचं. औषधात बेहड्याची फक्त साल घेतात, म्हणजे बीवरचा गर, आतली बी नाही. आतला मगज जास्त खाल्ला तर गुंगी येते असं जुने लोक सांगतात, लहान मुलांना तर तो अजिबात देत नाहीत. पण अख्खा बेहडा दळला तर वजन वाढतं आणि मजुरी वाचते, म्हणून स्वस्तातल्या चूर्णात बियांसकट दळलेलं असू शकतं. बी कठीण असते आणि तिच्यात टॅनिन सालीच्या मानाने कमी, त्यामुळे चूर्ण फिकट दिसतं आणि तुरटपणा पातळ होतो. काकांनी माझ्यासमोर बेहडे फोडले, बिया बाजूला टाकल्या, साल तेवढी वजनकाट्यावर घातली. म्हणाले, "सालच घ्यायची ताई, बीचे पैसे मी तुमच्याकडून घेणार नाही." हिरड्याचंही तसंच केलं. आवळकाठी, म्हणजे वाळवलेला आवळा, त्यांच्याकडे बिया काढलेलीच असते.

मागच्या बाजूला छोटं कांडप आहे, तिथे दळून दिलं आणि मग वस्त्रगाळ करायचं का भरड ठेवायचं तेही विचारलं. काढ्याला भरड चालते, कोमट पाण्याबरोबर घ्यायचं तर वस्त्रगाळ. शंभर ग्रॅमचे १२० रुपये झाले दळणावळीसकट. अर्धा तास थांबावं लागलं पण.

आता घरी काय केलं ते सांगते, हे कुणीही करू शकतं. त्याच दुकानातून पाच रुपयांचा हिराकस (लोखंडाचा हिरवट क्षार) आणला होता. दोन काचेचे ग्लास घेतले, एकात डबीतलं चूर्ण दोन ग्रॅम, दुसऱ्यात दुकानातलं दोन ग्रॅम, दोन्हीत शंभर मिली गरम पाणी, दहा मिनिटं ठेवून फडक्याने गाळलं. मग दोन्हीत हिराकसाचे दोन-दोन खडे टाकून ढवळलं. दुकानातल्या चूर्णाचं पाणी बघता बघता निळसर काळं झालं आणि थोड्या वेळाने हवा लागून अगदी शाईसारखं, पलीकडचं काही दिसेना. डबीतलं राखाडी झालं आणि राखाडीच राहिलं. लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की काळा रंग होतो, पूर्वी लिहायची शाई अशीच हिरडा आणि हिराकसाची करायचे आणि लोखंडी कढईत आवळा शिजवला तर काळा पडतो तो ह्याच कारणाने. (ते पाणी फेकून द्यायचं, प्यायचं अजिबात नाही, आणि ग्लास वेगळे ठेवायचे.)

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ही परीक्षा अर्धीच आहे. त्यातून एवढंच कळतं की फिनॉलिक पदार्थ एकात जास्त आहेत आणि एकात कमी, कोणते आहेत ते कळत नाही. बाभळीची साल कुटून घातली तरी काळंच होईल, चहाच्या पाण्यात टाकलं तरी होईल. म्हणून आधी फळ डोळ्याने बघायचं आणि मग ही परीक्षा, नुसत्या हिराकसावर भरवसा ठेवून चालणार नाही.

लॅबमध्ये आम्ही करायचो ती परीक्षा थोडी वेगळी. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण असतं, त्यात अर्क टाकला की अर्कातले फिनॉल त्याला हायड्रोजन देतात आणि जांभळा रंग उडून फिकट पिवळा होतो. हिरड्याचा अर्क टाकला की रंग इतका पटकन जायचा की मुलं टाळ्या वाजवायची, मग अर्क कितीतरी पट पातळ करून परत करावं लागायचं. बहुतेक जाहिरातींमागे अशीच काहीतरी टेस्ट असते, किंवा एकूण फिनॉल मोजायची फोलिन पद्धत, ज्यात निळा रंग येतो आणि आकडा "इतक्या गॅलिक ॲसिडच्या बरोबर" असा देतात, त्यात व्हिटॅमिन सीसुद्धा मोजलं जातं बरं का. आवळ्यामध्ये व्हिटॅमिन सी भरपूर, जुन्या भारतीय तक्त्यांमध्ये १०० ग्रॅम ताज्या फळात ६०० मिलिग्रॅम दिलेलं असायचं, पण वाळवताना आणि दळून ठेवल्यावर त्यातलं बरंच जातं, टॅनिनं मात्र त्या मानाने टिकतात.

आणि टेस्टट्यूबमधला रंग उडाला म्हणजे शरीरातही तसंच होतं असं नाही, हे मला कळवळून सांगावंसं वाटतं कारण ह्याच एका शब्दावर लोकांकडून पैसे काढले जातात. हिरड्यातले मोठे टॅनिनचे रेणू आतड्यातून जसेच्या तसे रक्तात फारसे जातच नाहीत, आतड्यातले जिवाणू त्यांचे तुकडे करतात, त्यातून युरोलिथिन नावाचे छोटे पदार्थ तयार होतात आणि ते शोषले जातात, पण प्रत्येकाच्या पोटातले जिवाणू वेगळे त्यामुळे कुणात ते तयार होतात कुणात फारसे होतच नाहीत. अमेरिकेच्या शेती खात्याने खाद्यपदार्थांच्या "ओरॅक" आकड्यांची यादी ठेवली होती, अमक्यात इतकी अँटिऑक्सिडंट ताकद अशी, ती त्यांनी २०१२ मध्ये स्वतःच काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा तब्येतीशी थेट संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या. तरी आजही डब्यांवर ओरॅक छापलेलं दिसतं.

अजून एक, फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना काही वर्षं व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन बघितल्या होत्या, त्याचा निकाल १९९४ मध्ये आला, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी जास्त निघाला. तेही अँटिऑक्सिडंटच होतं. त्रिफळ्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण "अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं" हे गणित चुकीचं आहे हे त्यातून कळतं. आमच्या आई त्रिफळा कॅन्सर टाळायला किंवा तरुण दिसायला घेत नाहीत, पोटासाठी घेतात, वैद्यांनी सांगितलं तेवढंच घेतात, आणि त्यासाठी चूर्ण खरं असणं आम्हाला पुरेसं आहे.

फरक पडला का? हो. पहिल्या आठवड्यात पोटात थोडं गुरगुरलं, मग मात्रा निम्मी केली, आता चार महिने झाले, रोज सकाळी व्यवस्थित होतं, इसबगोल बंद झालं. चव त्यांना आवडते, खरंच आवडते, आधी तुरट, मग आंबट, आणि वरून पाणी प्यायलं की आवळ्यामुळे गोड लागतं. हिरड्याला खारट सोडून पाचही रस आहेत म्हणतात ते चूर्ण ताजं असलं तरच कळतं.

ताजेपणावरून आठवलं. शार्ङ्गधर संहितेत चूर्णाची ताकद दोन महिन्यांनी कमी होते असं सांगितलंय. लॅबच्या भाषेत सांगायचं तर फळ अख्खं असताना आतला भाग झाकलेला असतो, दळलं की प्रत्येक कणाला हवा, उजेड आणि ओल लागते, फिनॉल हळूहळू ऑक्सिडाइझ होतात, रंग गडद होतो, चव मवाळ होते. माझ्या त्या ४९९ च्या डबीवर बनवल्याची तारीख सतरा महिन्यांपूर्वीची होती. कायद्याने मुदतीत असेलही, पण सतरा महिने कुठल्या गोडाऊनमध्ये कुठल्या गरमीत राहिली असेल काय माहिती. काका एका वेळी दोन महिन्यांचंच देतात, पाव किलो मागितलं तर म्हणाले, "शंभरच न्या, परत या." धंदा करणारा माणूस कमी घ्या म्हणतो हे मला फार आवडलं.

आता काय आवडलं नाही ते पण लिहायला पाहिजे. कागदाच्या पुडीवर काहीही लिहिलेलं नसतं, ना तारीख ना वस्तूचं नाव, मी घरी येऊन पेनने लिहिते. घरात तीन-चार पुड्या असल्या तर घोटाळा व्हायला वेळ लागत नाही, आणि औषधाच्या बाबतीत हे बरोबर नाही, मी काकांना बोलले आहे. जंतू किंवा जड धातू तपासल्याचा कुठलाही कागद त्यांच्याकडे नाही, मोठ्या कंपनीच्या डबीवर निदान लायसन्स नंबर आणि बॅच नंबर असतो, काही झालं तर विचारता येतं. तिसऱ्या खेपेला, पावसाळ्यात, आवळकाठी सादळलेली निघाली, दोन तुकड्यांवर पांढरी बुरशी होती, मी नेऊन दाखवली तर काहीही न बोलता बदलून दिली आणि पोतं मागे ठेवलं, पण ते त्यांनी आधीच बघायला हवं होतं. पावसाळ्यात तरी प्रत्येक तुकडा हातात घेऊन वास घेऊनच घ्या. दुकान दुपारी एक ते चार बंद, गाडी लावायला जागा नाही, बसने गेलेलं बरं.

कुणी घेऊ नये किंवा विचारूनच घ्यावं हेही सांगते. गरोदर बायकांना हिरडा देत नाहीत. शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच. आणि ज्यांना लोहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या गोळीबरोबर त्रिफळा घेऊ नका, ग्लासमध्ये जे काळं झालं तेच पोटात होतं, टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि गोळी अंगी लागत नाही. चहाबरोबर गोळी घेऊ नका म्हणतात ते ह्याचसाठी. माझ्या नणंदेला हिमोग्लोबिन कमी म्हणून गोळ्या चालू होत्या आणि ती दोन्ही रात्री एकत्रच घ्यायची, आता गोळी दुपारी आणि चूर्ण रात्री असं केलंय.

कॅप्सूलबद्दल कुणीतरी विचारेलच म्हणून, मी एक आणून फोडून बघितली, आतलं चूर्ण वाईट नव्हतं, पण कॅप्सूलमध्ये जीभ मधे येतच नाही, जुनं असो, बियांसकट दळलेलं असो, आपल्याला कळायचा मार्गच बंद. प्रवासाला ठीक आहे. रोजचं घेणार असाल तर जिभेला लागू द्या.

माझ्याकडून दुकानाला पाचपैकी चार, अर्धा मार्क पुडीवर तारीख नसल्याचा आणि अर्धा त्या सादळलेल्या आवळकाठीचा. डबीला दीड, तोही काचेच्या बरणीसाठी, कारण आता दुकानातलं चूर्ण मी त्याच बरणीत भरते, घट्ट झाकण लावून, अंधाऱ्या फडताळात. काका म्हणालेत नवा वाळवलेला आवळा मार्गशीर्षाच्या सुमाराला येईल, तेव्हा फोन करतो, तर पुढचं दळण तेव्हाच करून आणणार आहे, आईंना पण घेऊन जाणार आहे, त्यांना ते लाकडी खण बघायचेत.